सखुबाईनं लावलेलं लग्न

सखुबाई गमरे आता बासष्ट-त्रेसष्ट वर्षांची आहे. आमच्या गावातल्या कार्यक्रमांच्या पत्रिकेत तिचं नाव 'वीरभगिनी सखुबाई' असं छापतात. मी या गावच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षक होतो आणि हा शब्द पत्रिकेत पहिल्यांदा मीच घातला. तिला तो पटला नव्हता. "भगिनी म्हंजे बहीणच ना, गुरुजी? मग बहीण लिवा की," असं ती म्हणाली होती. मी तो तसाच ठेवला. तेव्हा मला असे शब्द आवडत.

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून पायी तासाभरावर. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी बौद्धवाडी. तिथं भिकू गमरेचं घर. भिकूची बायको रखमा शहात्तर साली काविळीनं गेली, तेव्हा थोरली सखू चौदा वर्षांची होती आणि धाकटा प्रफुल्ल तीन. मधली दोन मुलं जगली नव्हती. सखूची शाळा चौथीलाच सुटली होती, त्यामुळे तिनं शाळा सोडली असं म्हणता येणार नाही. तिनं प्रफुल्लला कडेवर घेतलं आणि ती सुपारीच्या वाड्यांमध्ये कामाला जाऊ लागली. सुपाऱ्या वेचायच्या, वाळवायच्या, सोलायच्या. पोर झाडाखाली गोणपाटावर झोपायचं.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न म्हसळ्याकडच्या एका घरी झालं. दोन वर्षांनी ती परत आली. का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्या नवऱ्यानं पुढच्याच वर्षी दुसरी बायको केली, एवढं लोकांना कळलं. वाडीत म्हणाले, बरं झालं, पोराला आईसारखं कुणीतरी हवंच होतं. सखुबाई तेव्हा एकवीस वर्षांची होती. पुढं तिच्या लग्नाचा विषय निघाला नाही.

प्रफुल्ल दहावी झाला आणि लष्कराच्या भरतीच्या तयारीला लागला. दिवेआगरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत तो धावायचा. मी गावात नवीन होतो. तो मला रस्त्यात दिसायचा, नमस्कार करायचा, आणि आमची ओळख तेवढीच. ब्याण्णव साली अलिबागच्या भरतीत त्याची निवड झाली. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत त्याचं लग्न झालं. मुलगी माणगावकडची, बारावी पास, दीक्षा नावाची. लग्नाची सुट्टी संपली तसा तो गेला, पुढच्या दिवाळीनंतर एकदा येऊन गेला, आणि नव्व्याण्णवच्या जूनमध्ये कारगिलच्या लढाईत मारला गेला.

पेटी गावात आली ती पाचव्या दिवशी, लष्कराच्या ट्रकमधून. ट्रक वाडीपर्यंत चढेना म्हणून जवानांनी ती खांद्यावर वर नेली. त्या दिवशी अख्खं गाव वाडीत आलं. त्यातली बरीच माणसं तिथं पहिल्यांदाच येत होती. सखुबाईच्या अंगणात कुठं उभं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं. बंदुकांची सलामी झाली. तिरंग्याची घडी एका अधिकाऱ्यानं दीक्षाच्या हातात दिली. ती बावीस वर्षांची होती. तिनं ती दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. शेवटी सखुबाई पुढं झाली, ती घडी आपल्याकडे घेतली आणि तिला खाली बसवलं.

मग कार्यक्रम सुरू झाले. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, शाळांची स्नेहसंमेलनं, मंडळांचे सत्कार, बोर्लीला, श्रीवर्धनला, म्हसळ्याला. न्यायला गाडी यायची. दीक्षाला व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवायचे, शाल आणि नारळ द्यायचे. मग कुणीतरी प्रफुल्ल कसा लढला ते सांगायचं. त्यातला बहुतेक मजकूर माझा असायचा. माझ्या हातात वर्तमानपत्रातली चार वाक्यं होती, बाकी मी जुळवलं होतं. दुसरे वक्ते त्यात आणखी घालायचे. एकीकडे तो शेवटपर्यंत गोळ्या झाडत होता, दुसरीकडे त्यानं जखमी साथीदाराला पाठीवर घेतलं होतं. दीक्षा ते सगळं मान खाली घालून ऐकायची. पुढच्या वर्षी शाळेसमोर दगडी स्तंभ उभा राहिला, त्याचं अनावरणही तिच्याच हातून झालं.

सखुबाई या कार्यक्रमांना सोबत म्हणून जायची आणि मागं बायकांमध्ये बसायची. तिच्या लक्षात एक गोष्ट आली. ती तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. दीक्षा घरात प्रफुल्लबद्दल बोलताना आधी 'हे' म्हणायची. ह्यांना हे आवडायचं, हे असं म्हणायचे. दीड-दोन वर्षांनी एकदा भाकऱ्या करताना ती म्हणाली, "शहीद प्रफुल्ल यांना नाचणीची भाकरी आवडत होती."

"मी चुलीपाशी होते," सखुबाई म्हणाली. "वळून बगितलं. ती थट्टा करत नव्हती, गुरुजी. तिला कळलंसुदीक न्हाय ती काय बोलली. तवा मी मनात म्हनलं, ही पोर आता हितं ठेवायची न्हाय."

दोन हजार एक साली दीक्षाला अलिबागला एका सरकारी कचेरीत नोकरी लागली. सखुबाईनं तिला धाडली. सासऱ्याचा, म्हणजे भिकूचा, नोकरीला विरोध नव्हता. सून शनिवारी-रविवारी घरी येत होती, कार्यक्रमांना हजर राहत होती. महिन्यातून एकदा सखुबाई तिच्याकडे जायची. बोर्लीहून दिघी, तिथून लाँचनं आगरदांडा, पुढं मुरूडहून एसटी. डोक्यावर तांदळाचं पोतडं आणि हातात सुक्या मासळीची पिशवी. दीक्षाची खोली लहान होती. दोघी जमिनीवर पथारी टाकून झोपायच्या.

अशाच एका भेटीत सखुबाईनं विषय काढला.

"दीक्षे, तू लगीन कर."

दीक्षा कपडे वाळत घालत होती. तिनं हातातलं लुगडं तसंच बादलीत टाकलं.

"वन्सं, माझं काय चुकलं? मी तुम्हाला जड झाले का?"

"न्हाय गं."

"मग घरातनं काढताय कशाला? लोक काय म्हणतील? मी ह्यांच्या नावानं..." ती थांबली. "मी ह्यांच्या नावानं राहीन."

"नाव हाय ते कुटं जातंय? दगडावर कोरलंय," सखुबाई म्हणाली. "तू चोवीस-पंचवीस वर्षांची हायस. मी एकवीसची होते, मी परत आले तवा. बाबांनी मला विचारलं न्हाय, वाडीनं विचारलं न्हाय. पोराचं करणारी मिळाली, सगळे खूश झाले. मी पन काय बोलले न्हाय. प्रफुल्ल होता ना. पन मला कुनी एकदा तरी विचारायला पायजे होतं. म्हनून मी तुला विचारतेय. न्हाय म्हनलीस तर परत काढनार न्हाय."

दीक्षानं त्या दिवशी उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात सखुबाई गेली तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला एसटी स्टँडवर सोडायला आली असताना ती म्हणाली, "वन्सं, माणूस तुम्हीच बघा. मला बघता येणार नाही."

सखुबाईनं माणूस बघितला तो किहीमला. तिच्या एका मावशीच्या शेजारी विनेश वाघमारे नावाचा एक जण राहायचा. वीज मंडळात लाइनमन, वय तीस. आई अंथरुणावर होती, तिच्या आजारपणात त्याचं लग्न राहून गेलं होतं. सखुबाई त्याला बघायला एकटीच गेली, न कळवता. घरी तो नव्हता. नारळाच्या वाडीतून चालत ती मुख्य रस्त्यावर आली तेव्हा तो खांबावर चढलेला होता. ती खाली उभी राहिली. तासभर. तो उतरला तेव्हा तिनं विचारलं, "विनेश तूच ना?"

"व्हय. तुमची लाइट गेलीय का?"

"लाइट न्हाय गेली. माझ्या भावजयीसाठी आलेय."

रस्त्याच्या कडेला, त्याच्या सायकलीपाशी उभं राहून तिनं सगळं सांगितलं. भाऊ कोण, कधी गेला, दीक्षाला किती दिवस नवरा लाभला. तिचा एकच प्रश्न होता. प्रफुल्लचा फोटो ती नव्या घरात लावणार असेल तर त्याला चालेल का?

विनेशनं थोडा विचार केला. "भिंत काय माझ्या एकट्याची राहणार हाय?" तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "ताई, त्यांना माझी नोकरी चालेल का? पावसाळ्यात मी घरी नसतोच."

"तिला नवरा घरी नसायची सवय हाय," सखुबाई म्हणाली.

गावात हे कळलं तेव्हा गडबड उडाली. वाडीच्या समाजमंदिरात बैठक भरली, आणि गावातलेही आठ-दहा जण त्या बैठकीला गेले. आमच्या बाजूला पुनर्विवाह ही काही अनोखी गोष्ट नव्हती. वाडीत तर अनेकींचे झाले होते. दुसऱ्या कुणाही विधवेचं लग्न ठरलं असतं तर लोकांनी मांडवाला बांबू दिले असते. पण दीक्षाची खुर्ची तालुक्याच्या व्यासपीठावर होती, आणि वाडीला त्या खुर्चीचं अप्रूप होतं. तिच्यामुळे मोठमोठी माणसं वाडीचं नाव घेत होती. ते कुणी उघड बोललं नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "उद्या स्तंभापाशी बसवायचं कुनाला?"

मीही उठून बोललो. मी काय बोललो ते मला स्पष्ट आठवतं, कारण नंतर मला त्याची लाज वाटली. मी म्हणालो, "सखुबाई, वहिनी आता फक्त तुमच्या घरच्या राहिल्या नाहीत. त्या गावाच्या आहेत."

सखुबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "गावाची हाय? मागल्या भादव्यात ती तापानं आठ दिवस पडून होती. तवा गावातनं कोन आलं होतं, गुरुजी?"

कुणीही गेलं नव्हतं. मलाही ती आजारी असल्याचं माहीत नव्हतं.

"माझा भाव देशासाठी गेला," ती पुढं म्हणाली. "त्याचं तुमी करा, स्तंभ करा, कायबी करा, मी आडवी येनार न्हाय. पन तो एकटाच गेला. तिला घेऊन न्हाय गेला."

मग सगळे भिकूकडे बघू लागले. भिकू गमरे सत्तरीचा होता. तो उठला, "माझं काय म्हननं न्हाय," असं म्हणाला आणि घरी निघून गेला. परवानगी दिली की नाकारली, ते कुणाला कळलं नाही. सखुबाईनं ती परवानगी धरली.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत किहीमला लग्न झालं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, पंचवीस-तीस माणसं जेवली. मुलीकडच्या बाजूला दीक्षाचे आईवडील होते आणि सखुबाई होती. आमच्या गावातून दुसरं कुणी गेलं नाही. भिकू गेला नाही. तो पुढं दीड वर्ष सखुबाईशी बोलला नाही. एकाच घरात ती भाकरी वाढायची आणि तो न बोलता जेवायचा. मग किहीमहून निरोप आला की दीक्षाला मुलगी झाली, नाव आरोही ठेवलं. सखुबाई बाळंतिणीला बघून परत आली. संध्याकाळी जेवताना भिकूनं विचारलं, "कुनावर गेलीय?"

"बापावर," ती म्हणाली. "कान मोठ्ठे हायत."

भिकू त्यानंतर सात वर्षं जगला. आरोहीला त्यानं दोनदा पाहिलं.

लग्नानंतर कार्यक्रमांच्या पत्रिकेतून दीक्षाचं नाव गेलं. माझ्या भाषणातूनही गेलं. काढून टाकलं असं नाही, फक्त लिहायचं बंद झालं. तिच्या जागी सखुबाईला बसवू लागले. ती यायची, बसायची, शाल घ्यायची. त्या शाली तिनं वाडीतल्या बाळंतिणींना वाटून टाकल्या. दर सोमवारी ती स्तंभ धुवायची. सुपारीच्या वाडीतून येताना बादली आणि खराटा घेऊन यायची, दगडावरचं शेवाळ काढायची, पायरीवर क्षणभर टेकायची आणि घरी जायची. मी वर्गातून बघायचो.

दोन हजार चोवीस साली प्रफुल्लला जाऊन पंचवीस वर्षं झाली. मी तोपर्यंत निवृत्त झालो होतो, गावातच स्थायिक झालो होतो. सरपंच कमलेश उत्साही माणूस. स्तंभाला काळा ग्रॅनाइट बसवायचा, रौप्यमहोत्सवी कार्यक्रम करायचा, मोठे पाहुणे आणायचे असं त्यानं ठरवलं. पाहुण्यांच्या कार्यालयातून वीरपत्नीचं नाव विचारलं गेलं. कमलेश मला घेऊन सखुबाईकडे गेला.

"दीक्षावहिनींना बोलवूया," तो म्हणाला. "आता जुनं कोण धरून बसलंय? फक्त फ्लेक्सवर 'वीरपत्नी दीक्षा प्रफुल्ल गमरे' असं घालू. साहेबांसाठी, म्हणजे विनेशरावांसाठी, खाली पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. वर कसं, ते जरा..."

सखुबाई अंगणात सुपारी सोलत होती. तिनं हात थांबवला नाही.

"तिचं नाव दीक्षा विनेश वाघमारे हाय," ती म्हणाली. "एकवीस वर्षं झाली. तुमाला तिला बोलवायची असंल तर तिच्या नावानं बोलवा, आनि दोन खुर्च्या लावा. न्हायतर तुमी तुमचा दगड बसवा. आमी घरी मेणबत्ती लावू."

"अहो, पण लोक..."

"लोकांना म्हनावं, मी सांगितलंय. मी लगीन लावलंय तिचं."

कमलेशनं माझ्याकडे बघितलं. पत्रिकेचा मजकूर अजूनही मीच करत होतो. मी म्हणालो, "मी लिहितो तसं." त्यानं हरकत घेतली नाही.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये झाला. दीक्षा आली, सत्तेचाळीस वर्षांची, चष्मा लावलेली. विनेश आला. आरोही आली, ती पुण्याला शिकते. व्यासपीठावर विनेश अवघडून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. पाहुणे बोलले, कमलेश बोलला. दीक्षा पूर्वी इतक्या व्यासपीठांवर बसली होती, पण तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. या वेळी सखुबाईनंच कमलेशला खूण केली आणि माईक तिच्याकडे गेला.

"मी त्यांच्यासोबत सगळे मिळून अठ्ठ्याऐंशी दिवस राहिले," दीक्षा म्हणाली. "ते कसे लढले ते मला माहीत नाही. मी तिथं नव्हते. त्यांना समुद्राची भीती वाटायची, ते मला माहीत आहे. पोहता येत नव्हतं. दिघीची लाँच सुटली की ते माझा हात घट्ट धरून बसायचे. लोकांना वाटायचं, नवीन लग्न झालंय म्हणून धरलाय."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग सखुबाईच मोठ्यानं हसली.

"व्हय," ती खुर्चीवरूनच म्हणाली. "लहानपनी खाडीत पडला होता. तवापासनं."

दीक्षा आणखी थोडं बोलली. तो घोरायचा. चहात साखर जास्त घ्यायचा. सुट्टीवर आला की दुसऱ्या दिवसापासून त्याला परत जायचे वेध लागायचे, आणि जायच्या दिवशी तो कुणाशी बोलायचा नाही. सगळं मिळून पाच-सात मिनिटं झाली असतील. मी या माणसावर पंचवीस वर्षं भाषणं लिहिली होती. किनाऱ्यावर धावणाऱ्या या मुलाला पाण्याची भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं बाहेर, स्तंभापाशी, नव्या ग्रॅनाइटवरचा पडदा काढायची वेळ आली. दीक्षानं दोरी हातात घेतली, मग सखुबाईला जवळ बोलावलं. दोघींनी मिळून ओढली. विनेश मागं उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पडदा खाली पडेपर्यंत हातात धरून ठेवली. नंतर जेवणं झाली. विनेशच्या पानात कोण काय वाढतंय याकडे काही लोक बघत होते. पण वाढणाऱ्यांनी आग्रह करून वाढलं, आणि कमलेशनं जाताना त्याला शाल देऊ केली. त्यानं ती घेतली नाही. "मला कशाला? मी काय केलंय?" असं तो म्हणाला.

त्याच वर्षी डिसेंबरात सखुबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन अलिबागला झालं. दीक्षाच्या कचेरीत तपासणी चालू होती, तिला रजा मिळेना. विनेश पाच दिवस दवाखान्यात राहिला. दाखल करताना अर्ज भरायचा होता, त्यात रुग्णाशी नातं असा एक रकाना होता. त्या नात्याला नाव काय, हे त्याला सुचेना. त्यानं 'भाऊ' लिहिलं. हे सखुबाईला तिथल्या परिचारिकेकडून कळलं. ती विनेशला म्हणाली, "वयानं तू ल्हान हायस. 'धाकटा भाऊ' लिवायचं." त्यानं खरंच जाऊन ते दुरुस्त केलं.

ऑपरेशननंतर दोन महिने ती किहीमला राहिली. दीक्षा तिला रोज सकाळी नारळाच्या वाडीतून चालवून आणायची. तिनं कायमचं तिथंच राहावं असं दोघांनीही सुचवलं. सखुबाई म्हणाली, तिकडे घर बंद पडेल, आणि बसून राहायचा तिला कंटाळा येतो. फेब्रुवारीत विनेश तिला गावी पोचवून गेला. आता ती काठी घेऊन हिंडते. सुपारीच्या वाडीत जात नाही, सुपाऱ्या घरी आणून देतात, ती अंगणात बसून सोलते. परवा मी वाडीत गेलो तेव्हा तिनं मला आरोहीच्या साखरपुड्याची तारीख सांगितली. मुलगा आरोहीनं स्वतः बघितला आहे. "मी तिला विचारलं, तुला पसंत हाय ना," सखुबाई म्हणाली. "ती म्हनाली, आत्या, मीच तर पसंत केलाय." मग ती म्हणाली की गावातून एक गाडी करू, ज्यांना यायचंय त्यांनी आधी सांगावं. मी माझं नाव दिलं.